नाव सांग, ऐक, मग जा

"दुरुस्तीले गेला," प्रेमलता म्हणाली आणि तिने रजिस्टर मिटून टाकलं.

काउंटरच्या पलीकडे धम्मानंद उभा होता. गुरुवारची सकाळ, दहाला पाच कमी. त्याच्या खांद्यावर रिकामी बॅग होती आणि हातात पाण्याची बाटली. कॅमेरा मिळाला की सरळ निघायचं, अशा तयारीने तो आला होता.

"कधी गेला, काकू? काल संध्याकाळी तं कपाटात पाहिला मी."

"त्याच्यानंतरच गेला. लेन्स अडकून राहिली होती."

"मंग येते कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी तं फिल्म द्यायची आहे ना."

प्रेमलताने मिटलेलं रजिस्टर बाजूला सरकवलं. पोरगा भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला समोरच्याने आवाज चढवला की जरा हुशारी येते. पण धम्मानंद भांडणाऱ्यांतला नव्हता. त्याने बॅगेची चेन उघडली, रिकाम्या बॅगेत पाण्याची बाटली ठेवली आणि चेन लावली.

"बरं," तो म्हणाला. "रेडिओ क्लबचा रेकॉर्डर तरी देता का?"

रेकॉर्डर तिने दिला. देताना सवयीने भिंतीवरच्या खिळ्याचे हेडफोन काढले, त्याच्या डोक्यावर घातले आणि माइक त्याच्या तोंडासमोर धरला.

"नाव सांग."

"धम्मानंद."

"ऐकू आलं?"

"हाव."

"मंग जा."

ही प्रेमलताची रीत होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती या कॉलेजच्या जनसंवाद विभागात कंत्राटी मदतनीस म्हणून लागली, तेव्हा तिला माइक कुठून धरतात हेही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच वर्षी एका पोराने एका म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकाची दोन तास मुलाखत घेतली आणि आवाज न भरताच परत आला. त्या दिवशी पोरगा जिन्यात बसून रडला. तेव्हापासून प्रेमलताने नियम केला. कॅमेरा असो की रेकॉर्डर, काउंटरवरच कॉलर माइकच्या डबीत ती स्वतः भरलेला सेल घालणार, हेडफोन चढवणार आणि पोराने आपलं नाव माइकमध्ये बोलून आपल्याच कानाने ऐकायचं. नाव सांग, ऐक, मग जा. पोरं तिची नक्कल करत, स्नेहसंमेलनात तिच्यावर नाटुकलीही बसवत. पण एकोणीस वर्षांत या काउंटरवरून गेलेलं कुणीही पुन्हा मुकं चित्र घेऊन आलं नाही.

आणि दुरुस्तीला गेलेला कॅमेरा त्या घटकेला कळमन्याच्या बाजारात होता. तिच्याच पोरीच्या, याच विभागात शिकणाऱ्या उन्नतीच्या हातात.

तसं पाहिलं तर विभागात क्लबांना तोटा नव्हता. रेडिओ क्लब, फिल्म क्लब, भित्तिपत्रक मंडळ, वादविवाद मंडळ. शिकणारी मुलं साठ आणि त्यांच्यातल्या पदाधिकाऱ्यांची संख्याही जवळपास तेवढीच. चांगला कॅमेरा मात्र एक. म्हणून फिल्म क्लबात पाळ्या लागत. प्रत्येकाला दोन दिवस, आणि अदलाबदल करायची नाही. हा नियमसुद्धा प्रेमलतानेच मोनाली मॅडमकडून करून घेतला होता, कारण अदलाबदलीवरून एकदा दोन पोरांनी तिच्यासमोर तिपाईचे तीन पाय वेगळे केले होते.

यंदा एका वृत्तवाहिनीने विभागाला पत्र पाठवलं होतं. क्लबातल्या मुलांनी पाच मिनिटांची फिल्म करावी. जिची निवड होईल त्या मुलाला सहा महिने नागपूरच्या कार्यालयात शिकायला घेऊ, काम बरं वाटलं तर ठेवून घेऊ. जागा एक. काउंटरच्या वर भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो लावलेले होते, हातात वाहिनीचा माइक धरलेले. त्या प्रत्येकाच्या हातात पहिला माइक प्रेमलताने दिला होता. घरी टीव्हीवर कुणी दिसलं की ती सांगे, "हा पाहा, यानं माझी बॅटरी हरवली होती." नवरा, रामाजी, कळमन्यात मापारी होता. तो जेवता जेवता "हूं" म्हणे. त्याने उन्नतीसाठी लकडगंजातल्या प्लायवूडच्या दुकानात बोलून ठेवलं होतं. बिलं बनवायचं काम. शेठ म्हणाला होता, एक तारखेपर्यंत वाट पाहीन.

"तिची परीक्षा तं होऊ द्या," प्रेमलता म्हणायची.

"परीक्षा होऊ दे ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण तुह्या त्या भितीवर पोरीचा फोटो लागला नाही तं काय करशीन?"

फोटो लागलाच पाहिजे, असं प्रेमलताने ठरवून टाकलं होतं. दुसरं काही तिने आयुष्यात एवढ्या हट्टाने मागितलं नव्हतं.

उन्नतीचा विषय चांगला होता. विश्वनाथभाऊ. कळमन्याच्या फळबाजारात एकतीस वर्षं हर्रास बोलणारा माणूस. मोसंबीच्या ढिगाशी उलट्या क्रेटवर उभा राहून तो लिलाव पुकारायचा आणि त्याचा आवाज पार ट्रकांच्या रांगेपर्यंत जायचा. एका दमात भाव, गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव आणि मध्येच कुणाची तरी थट्टा. आता त्याच्या घशात गाठ निघाली होती. शनिवारी ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाज राहणार नाही. शुक्रवारी सकाळी तो शेवटची हर्रास बोलणार होता. रामाजीनेच घरी सांगितलं आणि उन्नतीचे डोळे चमकले.

पण तिची पाळी सोमवार-मंगळवारची होती आणि त्या दोन दिवशी अडत्यांनी बाजार बंद ठेवला. उन्नतीने रिकाम्या ओट्यांवर फिरणारी कुत्री टिपली आणि मंगळवारी संध्याकाळी कॅमेरा परत केला. त्या रात्री ती जेवली नाही.

गुरुवार-शुक्रवारची पाळी धम्मानंदची. बुधवारी संध्याकाळी विभाग रिकामा झाल्यावर प्रेमलताने कॅमेरा, दोन बॅटऱ्या आणि कॉलर माइकची पेटी डब्याच्या पिशवीत घातली, वरून ओढणी टाकली आणि घरी आणली.

"धम्मानंदनं दिली त्याची पाळी," ती पोरीला म्हणाली. "पण मॅडमच्या कानावर नको घालजो. नियम आहे ना."

"खरंच दिली? किती चांगला आहे वं तो!"

"माइक वगैरे?" उन्नतीने मग विचारलं. "पाहू का एकदा?"

"मी पाहिलं सारं," प्रेमलता म्हणाली.

तिने पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नव्हतं पाहिलं. हेडफोन खिळ्यावर होते, भरलेले सेल चार्जरमध्ये होते आणि चार्जर काउंटरवर होता. पिशवी भरताना तिचं सगळं लक्ष जिन्यातल्या पावलांकडे होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता मायलेकी विभागात पोचल्या. शुक्रवारी दुपारी एडिटिंगच्या खोलीत क्लबाची पोरं बसत, कॅमेरा कुणाच्याही नजरेस पडला असता, म्हणून प्रेमलतानेच शनिवारची सकाळ ठरवली होती. घरी फिल्म पाहायला उन्नतीचा जीव तडफडला होता, पण चार्जर नव्हता, बॅटरी पुरवून वापरायची होती.

पडद्यावर विश्वनाथभाऊ उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, खांद्यावर गमछा. त्याने दोन्ही हात वर केले आणि तोंड उघडलं.

उन्नतीने स्पीकरची कळ फिरवली. मग अजून फिरवली.

"आई, स्पीकर बंद आहे का?"

स्पीकर चालू होता. प्रेमलताने कॉलर माइकची डबी उघडली, सेल काढला आणि तपासणीच्या यंत्रात टाकला. काटा हलला नाही. कॉलर माइक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद होतो. पडद्यावर आवाजाच्या रेघा उठतात, तेवढ्यावरूनही कळलं असतं, पण बाजारातल्या उन्हात पोरीला त्या दिसल्या नाहीत. हेडफोन असते तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. तिने पुढची क्लिप लावली, तिच्या पुढची लावली. माणूस बोलतोय, हसतोय, बोट रोखून कुणाला तरी डिवचतोय, भोवतालचे शंभर लोक हसताहेत. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

"ऑपरेशन कितीले आहे?"

"नऊले," उन्नती म्हणाली. "आई, आता काय करायचं?"

प्रेमलताने इंदुताईंना, विश्वनाथभाऊच्या बायकोला, फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिने रेडिओ क्लबचा दुसरा रेकॉर्डर उचलला, नवे सेल घातले, हेडफोन गळ्यात अडकवले आणि दोघी रस्त्यावर धावल्या. ऑटोवाल्याला तिने इतक्यांदा "जल्दी चलो भैया" म्हटलं की शेवटी तो वैतागून म्हणाला, "उडा के ले जाऊं क्या बाई?" दोन मिनिटं बोलला तरी चालेल, ती मनात म्हणत होती. एका ढिगाची हर्रास. एक मिनिट. पोरीचं नाव घेऊन नुसतं खाकरला तरी चालेल.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा आठ वीस झाले होते. इंदुताई दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत नवऱ्याचा सदरा आणि चपला.

"नेलं ना आत," त्या म्हणाल्या. "आठालेच नेलं. पहिल्या नंबरच्या पेशंटले ताप आला म्हणे, मंग याईचा नंबर आधी लागला. तुम्ही काहून इतक्या लवकर आल्या वं?"

प्रेमलता दाराकडे पाहत राहिली. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. गळ्यातले हेडफोन तिने ओढणीखाली ढकलले.

"भेटाले आलो," ती म्हणाली.

"बसा." इंदुताई बाकावर सरकल्या. "जाताना तेच म्हणून राहिले होते. म्हणे, पोरीनं सारं धरून ठेवलं, आता मले काही वाटत नाही. आला ना वं चांगला आवाज?"

उन्नतीने आईकडे पाहिलं.

"हाव," प्रेमलता म्हणाली. "चांगला आला."

दाराच्या आत माणसाचा गळा उघडलेला असताना त्याच्या बायकोला खरं सांगायला जे काळीज लागतं, ते तिच्यापाशी नव्हतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्याचा परवा झाला.

सोमवारी फिल्म द्यायची होती. उन्नतीने मुक्या चित्रावर स्वतःच्या आवाजात निवेदन बसवलं. रविवारभर बसून बसवलं, आणि बरं बसवलं. बुधवारी वाहिनीचे दोघे आले. सगळ्या फिल्मा पाहून झाल्यावर त्यांतले एक उन्नतीला म्हणाले, "चित्रं छान आहेत. पण ज्याच्या आवाजावर फिल्म केली, त्याचा आवाज कुठे आहे?"

"रेकॉर्डिंगमध्ये अडचण आली, सर."

"असं कसं चालेल?" ते म्हणाले. रागाने नाही, अगदी साधेपणाने. उन्नतीला तेच जास्त लागलं.

धम्मानंदने रेकॉर्डरवर कन्हानच्या खाणीतल्या बायकांच्या गोष्टी आणल्या होत्या. स्पष्ट, स्वच्छ आवाज. त्या त्यांनी डोळे मिटून ऐकल्या, वाहवा केली आणि विचारलं, "पण व्हिडिओ नाही?" तो म्हणाला, नाही. निवड अदितीची झाली. तिच्या वडिलांनी दिवाळीत तिला स्वतःचा कॅमेरा घेऊन दिला होता, तिला पाळी लागतच नव्हती. फिल्म वाईट नव्हती, खोटं कशाला बोला. अदिती पेढे घेऊन काउंटरवर आली, तेव्हा प्रेमलताने पेढा घेतला आणि खाल्लाही.

त्याच दुपारी उन्नती धम्मानंदला काउंटरसमोर भेटली.

"तू पाळी दिली आणि मी वाया घालवली," ती म्हणाली. "सॉरी रे."

धम्मानंद गोंधळला. मग त्याने काउंटरच्या आत पाहिलं. प्रेमलता सेल मोजत होती. चारच सेल होते, ती पुन्हा पुन्हा मोजत होती. त्याला सगळं कळलं.

"काही नाही," तो उन्नतीला म्हणाला. "होते असं."

ती गेल्यावर तो थांबला. रेकॉर्डर काउंटरवर ठेवून हळूच म्हणाला, "काकू, मले म्हणलं असतं ना, मी दिला असता. शुक्रवारी सकाळी मले काही कामच नव्हतं. मी तं त्या दिवशी दुपारून जाणार होतो कन्हानले."

प्रेमलताने रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं.

"सोबत गेलो असतो आम्ही," तो म्हणाला. "माइक मी धरला असता."

त्याने सही केली आणि तो गेला. त्याने कुणाला सांगितलं नाही. मोनाली मॅडमना आजवर काही ठाऊक नाही. प्रेमलताची नोकरी राहिली ती या पोराच्या गप्प बसण्यामुळे, आणि रोज सकाळी दहाला तो वर्गाकडे जाताना "काकू, नमस्ते" म्हणायचा तेव्हा तिला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं.

उन्नतीला मात्र कळलंच. तिने त्या दिवशी धम्मानंदचा चेहरा पाहिला होता.

"आई, तू त्याले काय सांगतलं होतं?" तिने घरी विचारलं.

प्रेमलता पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"तू म्हणायची ना, आधी ऐक, मंग जा," उन्नती म्हणाली. "साऱ्याइले म्हणायची. मलेच नाही म्हटलं."

परीक्षा झाली आणि एक तारखेपासून उन्नती लकडगंजला जाऊ लागली. सकाळी डबा भरताना दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. संध्याकाळी तिच्या केसांत लाकडाचा भुसा असायचा. रामाजीने एकदाही "मी म्हणलं होतं ना" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर प्रेमलताला भांडता तरी आलं असतं.

मेच्या सुरुवातीला, एका शनिवारी, विभागाच्या दारात इंदुताई दिसल्या. मागे विश्वनाथभाऊ. निम्मा झाला होता. गळ्याशी पांढरा रुमाल बांधलेला आणि श्वास त्या रुमालातून येत-जात होता. वाचनालयातून परतणारा धम्मानंद त्यांना रस्ता दाखवत सोबत आला होता.

"पेन ड्राइव्ह आणली," इंदुताई म्हणाल्या. "जावयानं घेऊन दिली. द्या बापा भरून. नातवाईले महिनाभरापासून सांगून राहिली मी, आबाचा आवाज कॅमेऱ्यात आहे म्हणून."

प्रेमलताने पेन ड्राइव्ह हातात घेतली. अजून एक खोटं तयार होतं. संगणक बिघडला म्हणता आलं असतं. दुरुस्तीला गेला म्हणता आलं असतं. तिने पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवली.

"आवाज आला नाही, ताई," ती म्हणाली. "एक अक्षरही नाही आलं. माइकचा सेल मेलेला होता. पोरीची चूक नाही, मी न तपासता दिला. कॅमेरा याचा होता, याच्या पाळीचा." तिने धम्मानंदकडे बोट केलं. "याले खोटं सांगून मी चोरून नेला. दवाखान्यात तुम्हाले पण खोटंच सांगतलं."

इंदुताईंचा आवाज चढला.

"काहून वं? काहून असं केलं? माहा माणूस आत निजला होता आणि तू माह्या बाजूले बसून खोटं बोलली? चहा पाजला मी तुले! एक महिना झाला, हा माणूस त्याच भरवशावर जगून राहिला..."

विश्वनाथभाऊने इंदुताईंच्या दंडावर हात ठेवला. त्यांना पुढे बोलायचं होतं, पण शब्द रडण्यात गेले. धम्मानंदने खुर्ची सरकवून दिली. प्रेमलता मान खाली घालून उभी राहिली.

विश्वनाथभाऊने बोटाने पडद्याकडे दाखवलं. लावा.

"काही ऐकू येत नाही, भाऊ," प्रेमलता म्हणाली.

त्याने पुन्हा बोट दाखवलं. तिने फिल्म लावली. उन्नतीच्या निवेदनाची नाही, मूळची. पडद्याजवळच्या खुर्चीत तो बसला, आणि बसता बसता त्याची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तो उठला, हेडफोन काढले आणि स्वतःच कानांवर चढवले. धम्मानंद एकदम पुढे झाला, पण प्रेमलताने त्याला हाताने थांबवलं. तिने हेडफोनची वायर उचलली आणि यंत्राला जोडून दिली.

बावीस मिनिटांचं चित्रण होतं. पडद्यावरचा विश्वनाथ क्रेटवर उभा राहून हात उडवत होता, मोसंबीचे ढीग एकामागून एक विकत होता. खुर्चीतला विश्वनाथ दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी दाबून बसला होता. एकदा पडद्यावरचे लोक हसले, तेव्हा तोही हसला. त्याने काय थट्टा केली होती ती आता त्याच्या एकट्यापाशी होती. इंदुताई डोळे पुसत त्याच्याकडे पाहत होत्या, पडद्याकडे नाही.

चित्र संपलं. त्याने हेडफोन काढले.

"आलं का वं काही ऐकू?" इंदुताईंनी विचारलं. काही नाही हे आत्ताच सांगितलं होतं, तरी विचारलं.

त्याने मान हलवली. हो.

मग त्याने वायर उपसून काढली आणि पीळ न पडू देता, हाताच्या पंजाभोवती सारखे वेढे देत, नीट गुंडाळली. एकोणीस वर्षं प्रेमलता पोरांना ओरडून हेच सांगत होती आणि एकानेही कधी ऐकलं नव्हतं. त्याने हेडफोन खिळ्याला अडकवले आणि पेन ड्राइव्ह उचलून तिच्या पुढे केली.